शस्त्रवैद्याची वाट : इस्पितळापासून दिल्लीच्या सभागृहापर्यंत

(वाशिम येथे तरुण मंडळींपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपण आम्हाला येथे बोलावलेत आणि विषयही आपणच नेमून दिलात, याबद्दल आम्ही आपले आभारी आहोत. विषय असा की, माणसांची पोटे कापून रोग बाहेर काढणारा शस्त्रवैद्य आपला दवाखाना सोडून देशाच्या राजकारणात का शिरतो, आणि तेथे जाऊन तो करतो काय? वाशिमच्या तरुणांना हा प्रश्न आजच सुचावा यात नवल नाही. २०२४ साली येथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. ज्या मुलखातला शेतकरी आजवर आजारी माणसाला घेऊन अकोल्या-नागपूरच्या वाटा तुडवीत होता, त्या मुलखात आता डॉक्टर तयार व्हायचे आहेत. त्यातले काही पुढे पुढारी होतील, काही आमदार-खासदारही होतील. म्हणून त्यांच्यापूर्वी या वाटेने गेलेली माणसे कोण होती, आणि त्यांना आपण काय विचारावे, हे आजच ठरवून ठेवलेले बरे.

आमच्या समाजात डॉक्टरविषयी मोठा आदर आहे. तो असावाच. पण आदर निराळा आणि मत निराळे. ज्याने आमच्या आईचे मोतीबिंदू काढले त्याचे उपकार आम्ही जन्मभर मानू. परंतु त्याच उपकारापोटी आमचे मतही त्याला आंधळेपणाने देऊन टाकू, तर आईला आलेली दृष्टी आम्हीच गमावली असे होईल. शस्त्रवैद्याला राजकारणात तोलायचे ते त्याच्या पदवीने नव्हे. त्याने कोणती जखम शोधली, चाकू कोठे लावला, आणि टाके पुरे घातले की अर्धे सोडले, यावर त्याची परीक्षा करावी. एवढेच आज आम्हाला सांगायचे आहे. बाकीचे बोलणे त्याचा पुरावा म्हणून आहे.

प्रथम डॉ. विश्राम रामजी घोले यांचे नाव घेऊ. जातीने गवळी, कर्तृत्वाने शस्त्रवैद्य. व्हाइसरॉयचे सन्माननीय सर्जन हा मान त्यांना मिळाला होता. इतका मान मिळालेल्या माणसाने बंगल्यात बसून सरकार-दरबारचे मुजरे घेतले असते तरी त्याला कोणी नावे ठेवली नसती. पण घोले जोतीराव फुल्यांचे सोबती झाले, सत्यशोधक समाजाचे अध्यक्ष झाले आणि पुण्याच्या नगरपालिकेतही त्यांनी काम केले. १८८८ साली जोतीरावांना पक्षाघात झाला तेव्हा औषधोपचाराला घोलेच धावले. आपल्या लहान मुलीला शिकवायला त्यांनी घेतले, म्हणून रागावलेल्या लोकांनी तिला काच कुटून घातलेले खाद्य चारले आणि ती पोर दगावली, असे पुण्यात सांगतात. तिच्या नावाने बांधलेला बाहुलीचा हौद पुण्यात प्रसिद्ध आहे. घोले दिल्लीला गेले नाहीत, आणि तेव्हा दिल्लीला जाण्याची वाटही नव्हती. परंतु दवाखान्याच्या दारातून बाहेर पडलेल्या डॉक्टरने पहिले पाऊल कोणाच्या अंगणात टाकावे, हे त्यांनी दाखवून दिले.

दुसरे नाव आमच्याच बाजूचे, नागपूरचे डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले, डोळ्यांच्या शस्त्रक्रियेत हात बसलेले. बोअर युद्धात ते वैद्यकीय पथकाबरोबर दक्षिण आफ्रिकेत गेले. पुढे टिळकपक्षात आले, मध्यवर्ती कायदेमंडळात बसले, हिंदुमहासभेचे पुढारी झाले आणि लंडनच्या गोलमेज परिषदेलाही गेले. १९३७ साली नाशिकास त्यांनी भोसला मिलिटरी स्कूल काढले. त्यांच्या धडाडीविषयी आम्हाला शंका नाही. पण शेतकऱ्याच्या, अस्पृश्याच्या, बाईच्या अंगावरची जी जुनी जखम, ती बरी करण्याचे काम त्यांच्या राजकारणाच्या अग्रभागी कधी नव्हते. पुढारी शूर असला म्हणजे तो आपला झाला, असे नाही.

आता ज्यांच्यासाठी आम्ही मुख्यतः उभे राहिलो आहोत त्यांच्याकडे येतो. ते म्हणजे मुंबईचे डॉ. गोपाळराव विनायक देशमुख. विलायतेची एफ. आर. सी. एस. पदवी मिळवलेले नामांकित सर्जन. आज मुंबईत पेडर रोडवरून मोटारी धावतात, त्या रस्त्याला डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग असे नाव आहे. पाटीवरचे नाव वाचणाऱ्या हजारांत एकालाही ते कोण होते हे ठाऊक नसते. काहीजण तर त्यांना लोकहितवादी समजतात. ते गोपाळ हरी देशमुख, एकोणिसाव्या शतकातले. हे गोपाळ विनायक, विसाव्या शतकातले शस्त्रवैद्य.

१९३४ साली मध्यवर्ती कायदेमंडळाच्या निवडणुका झाल्या आणि काँग्रेसच्या वतीने मुंबई शहरातून डॉ. देशमुख निवडून दिल्लीला गेले. त्या काळचे मतदान म्हणजे आजच्यासारखे नव्हे. मिळकत असेल, कर भरत असेल त्यालाच मत. सबंध ब्रिटिश हिंदुस्थानात मतदार होते सुमारे चौदा लाख. म्हणजे नांगर धरणाऱ्याला, मोलमजुरी करणाऱ्या बाईला तेथे तोंडच नव्हते. अशा सभागृहात गेलेल्या एखाद्या सुखवस्तू सर्जनाने टोलेजंग भाषणे केली असती आणि सायंकाळी परत आपली प्रॅक्टिस सांभाळली असती, तरी त्याच्या मतदारांची काही तक्रार नसती. डॉ. देशमुखांनी मात्र हिंदू स्त्रीच्या वारसाहक्काचे बिल मांडले.

त्या वेळी विधवेची अवस्था काय होती ती आधी ऐका. नवरा एकत्र कुटुंबातला असला आणि तो वारला, की त्याचा हिस्सा त्याच्या भावांकडे वा पुतण्यांकडे जाई. बाईच्या वाट्याला काय? अन्नवस्त्र. म्हणजे ज्या घरासाठी तिने पंधरा वर्षे चूल फुंकली, ज्या रानात खुरपणी केली, त्याच घरात ती दुसऱ्या दिवसापासून दोन भाकरी आणि एका लुगड्याची धनीण. दिराची मर्जी फिरली की तेही कोर्टात भांडून मिळवायचे. याला शास्त्र म्हणत. ज्या समाजात बाई शेतात पुरुषाच्या बरोबरीने राबते, त्या समाजाला हे शास्त्र कोणी विचारून लावले होते काय?

डॉ. देशमुखांच्या मूळ मसुद्यात मुलीलाही वाटा होता. बिल सिलेक्ट कमिटीत गेले आणि तेथे मुलीचा वाटा कापला गेला. ज्या सभागृहात हे घडले तेथे स्त्री सभासद एकही नव्हती. शस्त्रवैद्याने मांडलेल्या बिलावर पहिला चाकू चालवला तो त्याच्याच शेजारी बसलेल्या माणसांनी. उरले ते एवढे : नवऱ्याच्या खाजगी मिळकतीत विधवेला मुलाइतका वाटा, आधीच वारलेल्या मुलाच्या विधवेलाही वाटा, एकत्र कुटुंबात नवऱ्याचा जो हिस्सा होता तोच तिचा, आणि पुरुषाप्रमाणे वाटणी मागण्याचा अधिकार. मात्र हा हक्क मर्यादित. तिने मिळकत हयातीपुरती भोगावी, आपल्या मर्जीने विकू नये, आणि तिच्यामागे ती नवऱ्याच्या वारसांकडे परत जावी. १९३७ चा अठरावा कायदा तो हाच. कायद्याच्या पुस्तकांत त्याला 'देशमुख ॲक्ट' म्हणून ओळखतात.

अपुरा, हे खरे. पण बाईला वाटणी मागता येते, हे वाक्य त्या दिवशी कायद्यात लिहिले गेले. डॉक्टरांना दुसऱ्या दिवसापासून शिव्याही तितक्याच मिळाल्या असतील तर आश्चर्य नको; आमच्या देशात बाईला अन्न देणाऱ्याला पुण्य आणि हक्क देणाऱ्याला पाप लागते.

आता आपल्या वऱ्हाडच्या माणसाने कान देऊन ऐकावे अशी गोष्ट. हे बिल कायदेमंडळात ४ फेब्रुवारी १९३७ रोजी मंजूर झाले. वरिष्ठ सभागृहात ते एप्रिलमध्ये मंजूर झाले आणि १४ एप्रिलला त्याचा कायदा झाला. मधल्या १ एप्रिलला नवी राज्यघटना अंमलात आली आणि तिने शेतजमिनीच्या वारसाचा विषय प्रांतांच्या यादीत टाकला. झाले! हा कायदा शेतजमिनीला लागू की नाही, हा प्रश्न फेडरल कोर्टापुढे गेला आणि १९४१ साली कोर्टाने मत दिले की गव्हर्नरांच्या प्रांतांत शेतजमिनीला तो लागू नाही. म्हणजे मुंबईच्या पेढीवाल्याच्या विधवेला घरात, रोख्यांत, दागिन्यांत वाटा मिळाला; आणि रिसोड-मालेगावच्या कुणब्याच्या विधवेची सारी मिळकत जी काळी आई, तीच तेवढी कायद्याबाहेर राहिली. ज्यांच्याकडे जमिनीवाचून दुसरे काहीच नाही, त्यांच्या विधवांना या कायद्याने काय दिले? पुढे एकेका प्रांताने आपापला कायदा करून ही भोके बुजवली. आमच्या मध्यप्रांत-वऱ्हाडाने १९४२ साली तो शेतजमिनीला लावला.

यात डॉक्टरांचा दोष किती, हे आपण ठरवा. आम्ही यातून एवढाच धडा घेतो की, दिल्लीत कायदा झाला म्हणजे तो खळ्यापर्यंत पोहोचला असे समजू नये. शहरातल्या पुढाऱ्याने शहरातल्या मिळकतीकडे पाहून कायदा केला, की खेड्यातले माणूस बाहेर राहते. म्हणून खेड्यातला माणूसच तेथे जायला हवा, किंवा निदान जाणाऱ्याच्या कानाशी तो बसायला हवा.

डॉ. देशमुख एका बिलावर थांबले नाहीत. १९३८ साली त्यांनी हिंदू स्त्रीला घटस्फोट मागता यावा असे बिल आणले. ते मंजूर झाले नाही. गंमत अशी की, ज्या जातींना शूद्र म्हणून हिणवले त्यांच्यांत काडीमोड आणि पाट पिढ्यान् पिढ्या चालत आले होते. कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९१९ सालीच घटस्फोटाचा कायदा केला होता. जे कुणब्या-माळ्याच्या पंचांना समजत होते ते दिल्लीच्या विद्वानांना समजायला आणखी सतरा वर्षे लागली!

नवऱ्यापासून वेगळे राहून पोटगी मागण्याच्या हक्काचे बिलही त्यांनी मांडले होते. १९४६ साली तो कायदा झाला. त्यातले पहिले कारण वाचले की बिलामागे डॉक्टर उभा आहे हे कळते. नवऱ्याला किळसवाणा रोग असेल आणि तो तिच्यापासून लागलेला नसेल, तर तिला वेगळे राहता यावे! बाईने रोग घेऊन आलेल्या नवऱ्याची सेवा करीत मरावे, याला पातिव्रत्य म्हणणारे बहुत होते. पण रोग कोणाकडून कोणाला लागतो हे दवाखान्यात बसणाऱ्याला रोज दिसते. तेथे खोटे पातिव्रत्य टिकत नाही. शस्त्रवैद्याच्या धंद्याचा राजकारणाला खरा उपयोग तो हा. बंद दाराआड काय चालते ते त्याला माहीत असते. पण ते माहीत असून सभागृहात गप्प बसणारा डॉक्टर इतरांहून अधिक दोषी होय.

१९३७ च्या कायद्यातल्या उणिवा आणि मागून आलेली ही बिले, यांचा एकत्र विचार करावा म्हणून १९४१ साली सरकारने बी. एन. राव यांची समिती नेमली. तिच्यातूनच हिंदू कोड बिल निघाले. ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कायदेमंत्री म्हणून हाती घेतले, आणि ते रखडवले गेले तेव्हा १९५१ साली त्यांनी मंत्रिपद फेकून दिले. अखेर १९५६ साली हिंदू वारसा कायदा झाला. त्याने देशमुखांचा जुना कायदा रद्द केला. पण रद्द करतानाच त्यातले मर्यादित हक्काचे जोखड काढून बाईला पुरी मालकीण केले. मुलीचा जो वाटा १९३७ साली कमिटीत कापला गेला होता तोही आता मान्य झाला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः मुलाइतका हक्क आमच्या महाराष्ट्राने १९९४ साली दिला, देशाने २००५ साली दिला, आणि बाप २००५ च्या आधी वारला असला तरी तो हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले. एका शस्त्रवैद्याने घातलेला छेद; टाके पुरे व्हायला त्र्याऐंशी वर्षे लागली.

आपण म्हणाल, हे जुने झाले, आजचे सांगा. आजही ही वाट वाहती आहे. धुळ्याचे डॉ. सुभाष भामरे हे कर्करोगाचे शल्यविशारद. २०१४ व २०१९ साली ते लोकसभेवर निवडून आले आणि २०१६ ते २०१९ संरक्षण खात्याचे राज्यमंत्री होते. डॉ. भागवत कराड हे लहान मुलांचे शल्यविशारद. छत्रपती संभाजीनगरचे ते महापौर झाले, २०२० साली राज्यसभेवर गेले आणि २०२१ ते २०२४ अर्थखात्याचे राज्यमंत्री होते.  बहुजनांची मुले शस्त्रवैद्य होतात आणि दिल्लीपर्यंत पोहोचतात, हे पाहून आमची छाती फुगते. त्यांचा पक्ष कोणता याच्याशी आम्हाला आज कर्तव्य नाही. आमचे मागणे सर्व पक्षांच्या सर्व डॉक्टरांजवळ एकच आहे. ऑपरेशन टेबलावर जी बाई तुम्ही पाहिली, तिचे नाव तुमच्या कायद्यात शोधून दाखवा.

पण बंधूंनो, बोट नेहमी दुसऱ्याकडे दाखवणे सोपे असते. शास्त्र्याने बाईचा हक्क बुडवला हे आम्ही शंभर वर्षे सांगत आलो, आणि ते खोटे नव्हे. आता शास्त्र गेले, कायदा आला. तरी आज वाशिम जिल्ह्याच्या सहा तालुक्यांत फिरा आणि सातबारे उघडून पाहा. बहिणीला दिवाळीला माहेरी बोलावून, साडीचोळी करून, तिच्याकडून हक्कसोड पत्रावर सही घेणारा कोण? तो कोणी भटजी नव्हे. तो आमचाच पाटील, आमचाच देशमुख, आमचाच शिकलेला मास्तर. २००६ साली शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली त्यांत वाशिम होते. त्या घरांतल्या विधवांचे पुढे काय झाले? जिचे नाव सातबाऱ्यावर चढले ती सोसायटीत कर्ज मागू शकते, पीकविमा मागू शकते, सोयाबीनचे पैसे आपल्या खात्यात घेऊ शकते. जिचे चढले नाही ती १९३७ च्या आधीच्या काळात राहते. अन्नवस्त्राची धनीण, आणि तीही दिराच्या मर्जीने.

म्हणून येथे जमलेल्या तरुणांना आमचे सांगणे आहे. आपल्या गावात कर्ता पुरुष वारला, की दिवसकार्य आटोपताच वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्याच्याकडे, जाऊ द्या. त्या अर्जात विधवेचे नाव, मुलींची नावे आणि मृताची आई हयात असल्यास तिचेही नाव आहे की नाही ते स्वतः वाचून पाहा. कायद्याने मुलगे, मुली, बायको आणि आई हे सारखे वारस आहेत. फेरफाराची नोटीस निघाली की ती बाईला वाचून दाखवा. सही कशावर करते आहे हे तिला समजल्याशिवाय तिच्या हाती पेन देऊ नका. याला डॉक्टर लागत नाही, वकील लागत नाही. लागते ती थोडी लाज आणि थोडी हिंमत.

आणि जे तरुण येथे डॉक्टर होणार आहेत, त्यांना आम्ही म्हणतो : खुशाल राजकारणात जा. रोगाचे मूळ पुष्कळदा शरीरात नसते. ते कर्जात असते, हुंड्यात असते, नावावर नसलेल्या जमिनीत असते. ते मूळ कापायला दवाखान्याचा चाकू पुरत नाही. पण जाताना आपली सवय बरोबर न्या. रोगी कोण आहे हे न विचारता आधी रक्त थांबवायचे ही ती सवय. आणि छेद घेतला तर टाका घालूनच उठायचे. अर्धे काम कमिटीच्या हवाली करून घरी जायचे नाही.

डॉ. देशमुखांचे नाव मुंबईच्या एका श्रीमंत रस्त्यावर आहे. त्यांचे खरे स्मारक तेथे नाही. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा यांतल्या ज्या ज्या गावी विधवेचे नाव सातबाऱ्यावर चढेल, तेथे ते उभे राहील. ते उभारायला सरकारी मंजुरी लागत नाही. या सभेतून घरी गेल्यावर आपापल्या घराचा सातबारा काढून पाहा, म्हणजे आजचे व्याख्यान सार्थकी लागले असे आम्ही समजू.

जय हिंद, जय महाराष्ट्र.